संपलं की अडकलं?

आमच्या नोंदणी कचेरीत माणसाचं नाव फार दिवस टिकत नाही. आल्यापासून पंधरा दिवसांत ते गळून पडतं आणि त्याच्या कामाचं नाव चिकटतं. मी बाइंडर. बत्तीस वर्षं झाली. माझ्या बायकोला बाहेरचे लोक बाइंडरीण म्हणतात आणि ती त्यावरून माझ्याशी भांडते, जणू मीच घरोघर जाऊन सांगून आलोय. तर मी बाइंडर, आणि जिची गोष्ट सांगायला बसलोय ती टकटकबाई.

टकटकबाई आमच्याकडे आली सहा वर्षांपूर्वी, कंत्राटावर. जन्मनोंदींची जुनी एकतीस रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची, एवढंच तिचं काम. एवढंच म्हणे! एका नोंदीला पंधरा रकाने, शाई उडालेली, आणि आधीच्या कारकुनांचं अक्षर असं की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागलं नसतं. दुसऱ्या मजल्यावर माझ्या शिवणीच्या टेबलासमोर तिचं हिरवं लोखंडी टेबल. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली तिने वीट घातली. खुर्चीवर घरून आणलेली उशी. शेजारी एक लांबट वही, तिच्यात रोज संध्याकाळी तारीख आणि त्या दिवशीच्या नोंदींचा आकडा. कीबोर्डकडे न बघता दहा बोटांनी टाइप करायची आणि मोठा आकडा आला की जिभेचं टोक बाहेर यायचं. मी चिडवायचो, "आत घे, कावळा नेईल." ती म्हणायची, "नेऊ दे, मग तुमच्याशी बोलायचा त्रास तरी वाचेल."

पहिल्याच दिवशी मी तिला बोट नाचवून एक गोष्ट सांगितली होती. जन्माच्या रजिस्टरात खाडाखोड नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खालच्या ओळीवर नव्याने लिहायचं. पान फाडायचं नाही, खरडायचं नाही, वरून कागद चिकटवायचा नाही.

"कॉम्प्युटरवर खोडता येतं, काका," ती म्हणाली.

"येतं म्हणून खोडायचं?"

तिने विचार केला आणि मान डोलावली. तेव्हापासून ती कॉम्प्युटरवरसुद्धा तो नियम पाळायला लागली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन-तीन वर्षांनी तिने रस्त्यावरच्या रद्दीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. सी नावाच्या भाषेत कॉम्प्युटरला हुकूम कसे सोडायचे, त्याचं. पुठ्ठा नाही, पाठ उसवलेली. मी रजिस्टरांच्या उरलेल्या निळ्या कापडात ते बांधून दिलं, आणि फुकट बांधलं म्हणून थोडा शहाणपणाही केला. "टायपिस्टला हे कशाला गं?"

"दिवसभर मी ज्याच्या तोंडात घास भरते, ते गिळतं कसं ते बघायचंय."

मी सुई-दोरा घेतला आणि कामाला लागलो. ती रोज दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता दोन-दोन पानं वाचायची. कधी छोटे छोटे प्रोग्राम करून बघायची, चालला की टेबलावर एक थाप. महिन्यातून एखादी थाप ऐकू यायची, मग आठवड्याला, मग मी मोजणं सोडून दिलं.

या वर्षी काम संपलं. कामाच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं, एकतीस रजिस्टरं, बासष्ट हजार एकशे अठरा नोंदी, पूर्ण. खाली सही. तपासणी झाली की ती कायम होणार होती. सहा वर्षं कंत्राटाचा कागद दर अकरा महिन्यांनी नवा. आता ते संपणार होतं. तिचा नवरा बसडेपोत मेकॅनिक, तो माणूस दिवसाला दहा वाक्यंही बोलत नाही. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वर, आम्ही खाली. त्या दिवशी तो जिन्यात थांबून मला म्हणाला, "कायम होतेय ती." त्याच्यासाठी हे भाषणच होतं.

तपासणीचा प्रोग्राम बाहेरच्या मंडळींकडून करून घेतला होता. तो घेऊन एक तरुण आला. भर उन्हाळ्यात गळ्यात टाय. त्याला आम्ही टायवाला म्हणायला लागलो, पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. त्याने टकटकबाईची फाइल प्रोग्रामला दिली. पडद्यावर आकडा आला, तेवीस हजार चारशे सोळा.

"बाकीच्या?" साहेबांनी विचारलं.

"एवढ्याच आहेत. फाइल मोठी दिसतेय खरी, पण पुढे काहीतरी कचरा भरून फुगवलेली असेल. प्रोग्राम वाचतो त्या खऱ्या नोंदी."

साहेबांनी लाल पेन काढलं आणि तिच्या सहीशेजारी लिहिलं, 'काम अपूर्ण. सही खोटी.' मी तिथेच एका रजिस्टराच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो साहेब, फाइल उघडून बघा ना! डोळे आहेत ना आपल्याला?"

"साठ हजार ओळी मी बघत बसू? तपासणीची पद्धत ठरलेली आहे. बाइंडर, तुम्ही शिवणीचं बघा."

समिती नऊ दिवसांनी बसणार होती. तोपर्यंत खुलासा द्या, नाहीतर कंत्राट रद्द आणि खोट्या सहीचा शेरा कागदावर कायमचा. म्हणजे कुठल्याच कचेरीत पुन्हा कोणी उभं करणार नाही. ती जागेवर आली, ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला, एकेका बटणाच्या फटीतून. टाइप करायला तर काही उरलं नव्हतं. हात नुसते पडून राहिलेले मला बघवेनात.

आता माझ्या धंद्याचा एक उपयोग सांगतो. कचेरीत कागद आला की तो मी शिवतो. कशाचा आहे ते मी बघत नाही. टायवाल्याच्या मंडळींनी करारात लिहिल्याप्रमाणे आपल्या प्रोग्रामची छापील प्रतही दिली होती. चाळीस-बेचाळीस पानं. कोणी वाचणार नव्हतं, पण मी ती कापडी पाठीत बांधून कपाटात ठेवली होती. ती काढून तिच्या टेबलावर आपटली.

"हे घे. ज्याने तुला खोटं पाडलं, त्याचं पोट आतून कसं आहे ते बघ."

तिने पहिलं पान उलटलं आणि जिभेचं टोक बाहेर आलं. माझा जीव भांड्यात पडला. बाई जिवंत होती.

पुढचे दिवस तिने मला ज्या गोष्टी शिकवल्या, त्या मी माझ्या बायकोला शिकवायला गेलो तर ती झोपली. तुम्ही झोपू नका, मी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरकडे लहान लहान घरं असतात. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं. आपलं अक्षर अंगाने भारी, त्याला तीन घरं लागतात. फाइल वाचताना ती तीन घरं गोळा करून एक अखंड अक्षर हातात द्यायचं, हे काम सी भाषेत एक हुकूम करतो. एफ-गेट-डब्ल्यू-सी. ती त्याला नुसतं 'रुंद वाचणं' म्हणायची. टायवाल्याच्या प्रोग्राममध्ये हेच होतं. रुंद वाच, ओळ संपली की एक नोंद मोज, आणि वाचणाऱ्याने 'वेऑफ' म्हटलं की थांब. वेऑफ म्हणजे, सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे, फाइल संपली.

तिने स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला. फक्त मोजणारा. चालवला.

"काका, शून्य!"

"शून्य? म्हणजे टायवाल्याने निदान तेवीस हजार तरी दिले!"

"हसू नका."

अर्ध्या तासात तिला सापडलं. आधी एका ओळीत कॉम्प्युटरला सांगावं लागतं की इथे कोणती लिपी चालते. ती ओळ नसेल तर तो बिचारा इंग्रजीच धरून चालतो आणि पहिल्याच आपल्या अक्षराला हात वर करतो. तिने ती ओळ घातली, पुन्हा चालवला, आणि पडद्याकडे बघत राहिली.

तेवीस हजार चारशे सोळा.

मला वाटलं होतं तिचा प्रोग्राम तिची बाजू घेईल. तोही फितूर झाला. ती हळूच म्हणाली, "काका, मी टाइप केलं होतं ना? सगळं?" सहा वर्षं मी तिच्यासमोर बसलो होतो, एकेक रजिस्टर शिडीवर चढून मीच काढून देत होतो आणि मीच परत ठेवत होतो. तरी ती विचारत होती. मला इतका राग आला, कोणाचा ते मला आजही सांगता येणार नाही.

"एकतिसावं रजिस्टर तुझ्या हातून माझ्या पायावर पडलं होतं. नख अजून काळं आहे. दाखवू?"

ती हसली नाही. समितीला पाच दिवस राहिले होते.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे वर गेलो. नवरा खिडकीत पाण्याची मोटर उघडून बसला होता. तिची सासू आरामखुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र. मी त्यांना मावशी म्हणतो. मावशींचा एक डोळा अधू, पण सगळ्या घराला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा हट्ट. घरादाराने ऐकायचंच, मोटर बंद ठेवून. ती जमिनीवर बसून मटार सोलत होती. निळं पुस्तक शेजारी पालथं.

मावशी वाचता वाचता थांबल्या.

"संपलं की अडकलं?" तिने मान वर न करता विचारलं. हा त्यांच्या घरातला रोजचा प्रश्न. कारण मावशी दोन कारणांनी गप्प होतात. एक तर बातमी संपली, नाहीतर छपाई फिसकटल्यामुळे एखादं अक्षर लागलं नाही. आणि अडकल्या तर स्वतःहून सांगणार नाहीत, तशाच बसून राहतील. मग कोणीतरी उठायचं, तो शब्द वाचून द्यायचा, की गाडी पुढे.

"अडकलं," मावशी म्हणाल्या. "हे काय लिहिलंय मेल्यांनी?"

कोणी उठलं नाही. मी बघितलं तर टकटकबाईच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच, आणि डोळे लागलेत समोरच्या भिंतीला.

"अगं, मला अडकलंय," मावशी ओरडल्या.

"हो आई. त्यालाही अडकलंय," ती म्हणाली आणि शेंग टाकून पुस्तकावर झेपावली. मटार सगळे खाटेखाली. मावशींनी माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं.

पुस्तकाच्या पार शेवटच्या पानांत ते होतं, जिथपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. मोठ्याने वाचलं तिने, मावशींपेक्षा मोठ्याने. रुंद वाचणारा दोन वेळा वेऑफ म्हणतो. एकदा फाइल संपली तर. आणि एकदा, समोरच्या घरांमधून धड अक्षरच बनत नसेल तर. दोन्ही वेळा उत्तर तेच! काय झालं ते हवं असेल, तर त्याला नंतर वेगळं विचारावं लागतं.

तिने टायवाल्याची छापील प्रत उघडली, बोट ठेवून खाली आली. वेऑफ मिळेपर्यंत वाच. पुढची ओळ, फाइल बंद कर. त्याच्या पुढची, आकडा छाप.

"विचारलंच नाही," ती म्हणाली. "काका, त्याने विचारलंच नाही! मीही नाही विचारलं!"

नवऱ्याने मोटर खाली ठेवली. मटार गोळा करायला तो खाटेखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "उद्या विचार."

सोमवारी नऊच्या ठोक्याला तिने विचारलं. दोन ओळींचं काम. उत्तर आलं, संपलं नाही, अडकलं. ओळ तेवीस हजार चारशे सतरा. टेबलावर अशी थाप बसली की विटेवरचा पाय घसरला.

कुठे अडकलं ते कळलं, कशाला अडकलं ते बघायचं होतं. त्यासाठी अक्षर सोडून नुसती घरं वाचायची. तिने तिथूनच पुढे घरं वाचायला सांगितली, तर कॉम्प्युटर ऐकेना. अकरा वाजले, बारा वाजले. पुस्तकात सापडलं की फाइल एकदा रुंद वाचायला घेतली की तिच्यावर अरुंद वाचणं चालत नाही. बंद करा, नव्याने उघडा, मग पहिल्यापासून घरं वाचा. "हट्टी आहे," मी म्हटलं. "आईंसारखा," ती म्हणाली. बंद केली, उघडली, तेवीस हजार चारशे सोळा ओळी मोजून पुढे सरकली आणि त्या ओळीची शेवटची घरं छापली. दोनशे चोवीस. एकशे चौसष्ट. दहा.

"दहा म्हणजे ओळ संपली. दोनशे चोवीस आणि एकशे चौसष्ट ही आपल्या अक्षराची पहिली दोन घरं. तिसरं घर नाहीच. काका, हे अर्धं अक्षर आहे."

"अर्धं अक्षर तू कसं टाइप करशील?"

"मी नाही करू शकत. कोणीच नाही करू शकत." तिने लांबट वही काढली, पानं उलटत मागे गेली. पावणेचार वर्षं मागे. बारावं रजिस्टर. तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'सकाळी ११.४० वीज गेली. नोंद २३,४१७ खाली पुन्हा लिहिली.'

मग तिला सगळं आठवलं. कॉम्प्युटर एकेक अक्षर लिहून ठेवत नाही म्हणे, ओंजळ भरली की ओततो. त्या दिवशी ओंजळीत अक्षराची दोन घरं मावली, तिसरं पुढच्या ओंजळीसाठी राहिलं, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर तिने फाइल उघडली तेव्हा ओळीच्या टोकाला एक चिमुकला चौकोन दिसत होता. कोणीही खोडला असता. हिने नाही खोडला. चुकलेलं तसंच ठेवलं आणि खाली नव्याने लिहिलं.

कारण मी सांगितलं होतं, बोट नाचवून.

पण मला घाम फुटला तो एवढ्यासाठी नाही. ११.४० मला चांगलं आठवत होतं. त्या दिवशी माझ्या सरस वितळवायच्या विजेच्या शेगडीची वायर ठिणग्या उडवायला लागली. कापडाचा ढीग शेजारीच. मी धावलो आणि कोणाला काही न विचारता आमच्या खोलीचा मेन स्विच खाली ओढला. टकटकबाई म्हणाली, "अरे देवा, काय झालं?" मी म्हटलं, "वीज गेली वाटतं." शेगडी घरून आणलेली होती, कचेरीत परवानगी नव्हती. वायर बदलली, स्विच वर केला, "आली बघ," म्हणालो. आणि विसरून गेलो.

आता ती माझ्यासमोर वही धरून म्हणत होती, "वीज गेली होती, काका. कोणाचीच चूक नाही." आणि मी, बत्तीस वर्षं सगळ्यांना नियम शिकवणारा, मूग गिळून बसलो. निवृत्तीला चार महिने राहिले होते. घरी जेवण जाईना. बायकोने दुसऱ्या दिवशी काढून घेतलं माझ्याकडून सगळं आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. नाहीतर मी येऊन सांगते." ती आली असती, तशी आहे ती.

समितीचा दिवस. लांब टेबल, साहेब, टायवाला, आणि वरच्या कचेरीतून आलेल्या अध्यक्षबाई. जाड चष्मा, कमी बोलणाऱ्या. मला रजिस्टरं वाहायला बोलावलं होतं. टकटकबाईने आपला कॉम्प्युटर खालच्या दालनात आणवला होता. तिने दहाही बोटं कीबोर्डवर टेकवली.

आधी टायवाल्याचा प्रोग्राम चालवला. तेवीस हजार चारशे सोळा.

"हे इथे थांबतं," ती म्हणाली. "का थांबतं, ते मी विचारलंय."

मग तिचा प्रोग्राम. चाळीस ओळींचा. पडद्यावर ठळक आलं, 'अडकलं. ओळ २३,४१७.' आणि मग तो प्रोग्राम मूळ फाइलला हात न लावता ती अर्धी ओळ ओलांडून पुढे गेला, पुन्हा रुंद वाचायला लागला. आकडा पळत सुटला. तीस हजार, चाळीस, पंचावन्न. माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. साठ हजार. बासष्ट हजार एकशे अठरा. थांबला. खाली आलं, 'संपलं.'

टायवाला पुढे झाला. "पण तो पुढचा भाग कचराही असू शकतो..."

"बघू या," अध्यक्षबाई म्हणाल्या. डोळे मिटले आणि रजिस्टरांच्या रांगेवर बोट ठेवलं. "एकोणतिसावं. पान एकशे चौदा. तिसरी नोंद."

मी काढून दिलं. त्यांनी रजिस्टरातून वाचायचं, तिने पडद्यावरून. मुलगी, पहाटे सव्वाचार, वजन, आईचं नाव, बापाचा धंदा विणकर, घर नंबर. पंधरा रकाने, पंधराही जुळले. मग पंधरावं रजिस्टर. जुळलं. मग एकतिसावं, माझ्या नखावर पडलेलं. जुळलं! अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं, आणि यात माझं कर्तृत्व काय, तर शिडी चढणं.

"एक राहिलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे अर्धं अक्षर आलं कुठून?"

"वीज गेली होती, बाई. माझ्या वहीत आहे."

साहेबांनी कचेरीचं रोजचं वीजबुक मागवलं. त्या तारखेला वीज गेल्याची नोंदच नव्हती. साहेब मागे रेलले. "म्हणजे वहीत काहीही लिहिता येतं."

टकटकबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वीज गेली नव्हती," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार मोठा निघाला. "मी घालवली. शेगडी पेटत होती, मेन मी ओढला. शेगडी माझी, विनापरवाना. आणि खोडू नकोस हेही मीच शिकवलं होतं. काय करायचं ते मला करा."

साहेबांचं तोंड उघडं. मी तिच्याकडे वळलो. "पोरी, मी तेव्हा खोटं बोललो."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "जिन्यातला पंखा चालूच होता."

अध्यक्षबाई हसल्या, खळखळून. मग टायवालाही, आणि मला वाटतं तो सुटल्यासारखा हसला.

"पावणेचार वर्षं माहीत होतं? आणि बोलली नाहीस?"

"तुमची शेगडी गेली असती." मग ती समितीकडे वळली. आवाज तोच, तिच्या टेबलावरचा रोजचा. "बाई, अर्धं अक्षर कशानेही येईल. स्विचने येईल, तुटलेल्या वायरने येईल. पुढेही येईल. वाचणारा थांबला तर तो का थांबला, हे विचारायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी नसतील तर दर वेळी कोणीतरी खोटं ठरेल."

टायवाल्याने टाय सैल केला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "विचारायचं राहून गेलं. ताई, तुमच्या त्या दोन ओळी मी घेऊ का?"

"घ्या. मोफत."

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं. काम पूर्ण, नेमणूक कायम. आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांचे प्रोग्राम आधी हिच्या टेबलावरून जातील. मला शेगडीबद्दल लेखी समज मिळाली. ती मी घरी नेऊन बायकोला दाखवली, ती म्हणाली फ्रेम करा.

पण त्याआधी एक झालं. साहेबांनी सहीचं पान पुढे ओढलं. कान लाल झाले होते त्यांचे. लाल पेन काढलं आणि 'सही खोटी' वर रेघ मारायला हात टेकवला.

"खोडू नका, साहेब," टकटकबाई म्हणाली.

हात थांबला.

"खाली लिहा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नियम म्हणजे नियम. मग त्यांनी खालच्या ओळीवर, सगळ्यांसमोर, सावकाश लिहिलं, 'वरील शेरा चुकीचा. तपासले. सर्व बासष्ट हजार एकशे अठरा नोंदी पूर्ण. सही खरी.' आणि खाली स्वतःची सही केली.

ते पान मी एकतिसाव्या रजिस्टरात शेवटी शिवलं आहे. दोरा दुहेरी घातलाय आणि समास मोठा सोडलाय, म्हणजे पान उघडलं की वरची ओळही वाचता येते आणि खालचीही.